बुटका डबा, उंच कार्ड

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही हकीकत ओरडून सांगण्यातली नाही. कीर्तनकार बुवा आधी तासभर निरूपण करतात आणि मग कथेला हात घालतात. माझ्याजवळ तेवढी विद्या नाही, मी पडलो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. तेव्हा एकदम आख्यानालाच सुरुवात करतो. ऐका, हसू आलं तर खुशाल हसा. देवाच्या दारात हसलेलं वाया जात नाही.

"प्रल्हादा, अरे याचं झाकण कुठंय? आतडी बाहेर काढून ठेवलीस की याची!"

दत्तजयंतीची सकाळ होती. मी देवळात पाळण्याच्या टेबलाखाली पालथा पडलो होतो, आणि देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब मगदूम कमरेवर हात ठेवून वाकून बघत होते.

"झाकण लागत नाही आप्पासाहेब. आतलं एक कार्ड उंच आहे."

"मग बुटकं कार्ड घाल."

"बुटकं मिळत नाही."

"मग डबा उंच घे."

"डबा तुम्हीच आणलाय, पतसंस्थेकडून फुकट."

पतसंस्थेने जुने झाले म्हणून काढून टाकलेले कॉम्प्युटर देवस्थानाला दान केले होते, त्यातला हा एक. पोथीच्या आकाराचा, चपटा, सडपातळ. टेबलावर जागा कमी लागते म्हणून लोक हौसेने घेतात, आणि पुढे त्यात काही घालायची वेळ आली की माझ्याकडे येऊन रडतात.

"पण हे सगळं कशासाठी चाललंय?"

"पाळण्यावरच्या दिव्यांच्या माळा यंदा कॉम्प्युटरवर चालणार आहेत," मी म्हणालो.

दत्तमहाराज, क्षमा करा. पण आप्पासाहेबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं सांगितलं असतं तर दुपारच्या महाप्रसादाच्या पंगतीत वरणभाताबरोबर ते वाढलं गेलं असतं.

खरं काय होतं, ते सांगतो.

आमच्या गावाला श्रीपादबुवा सदलगेकरांचं कीर्तन म्हणजे काय होतं, हे आता कसं सांगावं? कृष्णाकाठच्या गावांतून लोक डबे बांधून यायचे. बुवा उभे राहिले, उपरण्याचं टोक कमरेला खोचलं आणि पहिला सूर लावला की समोरचं तान्हं पोरसुद्धा दूध प्यायचं थांबायचं. त्यांच्या मागे पेटीवर त्यांच्या पत्नी मथूताई. आणि त्यांच्याही मागे, झांज घेऊन, मी. माझं दुकान होतं ‘दिगंबर कॉम्प्युटर्स', पण गावात ओळख ‘बुवांच्या मागचा झांजवाला' अशीच.

त्या वर्षी बुवांच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी दत्तजयंतीनंतर लगेच ऑपरेशन ठरवलं. जीवाला धोका नाही म्हणाले. आवाजाचं मात्र विचारलं तर वर बोट दाखवलं.

मथूताई दुकानात आल्या. त्या कधी येत नसत. समोरच्या स्टुलावर अंग चोरून बसल्या.

"प्रल्हाद, यांचं यंदाचं कीर्तन धरून ठेवता येईल का रे?"

"ताई, बुवा कुठे करू देतात? गेल्या खेपेला एका शिक्षकांनी टेपरेकॉर्डर ठेवला तर बुवांनी त्यावर उपरणं टाकलं."

"माहीत आहे मला. म्हणतात, कीर्तन म्हणजे नैवेद्य. ताजा असतो तोवर प्रसाद, डब्यात भरून ठेवला की शिळं अन्न." मग म्हणाल्या, "त्यांचं देवाचं ते बघून घेतील. मला शिळं चालेल. या वयात रोज ताजं कोण देणार आहे मला?"

मी हो म्हणालो.

म्हणालो खरा, पण करायचं कसं? कॅसेटची बाजू संपली की खट्ट आवाज होतो, आणि बुवांचे कान असे की शेजारच्या गल्लीत तबला उतरला तरी त्यांना कळे. राहिला देवळातला हा चपटा कॉम्प्युटर. त्याच्या स्वतःच्या खोबणीत माईक लावला तर बुवांच्या आवाजाऐवजी मधमाशांचं पोळं ऐकू यायचं. माझ्याकडे एक उत्तम साउंड कार्ड होतं. ते आत बसवायला गेलो, तर डबा बुटका आणि कार्ड उंच. चपट्या देव्हाऱ्यात समई ठेवावी तसं झालं.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक युक्ती असते. रायझर केबल. फितीसारखी चपटी, रुंद केबल. तिचं एक टोक डब्यातल्या खाचेत खोचायचं, दुसऱ्या टोकाला कार्ड लावायचं. कार्ड मग डब्यात मावायची गरज नाही, बाहेर ऐसपैस बसतं. कोल्हापूरहून मागवली. हातभर लांब. फक्त पथ्य एकच: कार्डाला धक्का लागता कामा नये. केबल खाचेतून केसभर निसटली की कॉम्प्युटर जागच्या जागी गोठतो, आणि माझ्याकडच्या प्रोग्रॅमला अशी खोड होती की शेवटी ‘थांबवा' म्हटल्याशिवाय तो काहीच साठवत नसे. म्हणजे अडीच तासांचं कीर्तन एका हिसक्यात पाण्यात.

बुवांच्या नजरेआड, विजेच्या जवळ आणि आवाज चांगला येईल अशी देवळात एकच जागा होती: पाळण्याचं टेबल. खाली जमिनीपर्यंत चादर सोडलेली. डबा त्या चादरीआड ठेवला. माईक पाळण्याच्या खांबाला झेंडूच्या माळेत बांधला. केबल मागून वर घेतली आणि कार्ड पाळण्याशेजारी पाटावर ठेवलं. बुक्का आणि गुलाल आत जाऊ नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात नीट गुंडाळलं, भोवती फुलं पसरली. लांबून बघितलं, स्वतःवरच खूष झालो. इतकं गोजिरवाणं कार्ड मी आयुष्यात बसवलं नव्हतं.

तिथेच माझी गफलत झाली. पण ती लगेच कळली असती तर आख्यान कसलं?

आता आमच्या देवळाची एक चाल सांगतो. जन्माच्या वेळी पाळण्यात मूर्ती ठेवत नाहीत, नारळ ठेवतात. त्याला टोपडं घालून, मऊ वस्त्रात गुंडाळून टेबलावर ताम्हनात ठेवलेला असतो. तो उचलून पाळण्यात घालायचा मान नाडगौडांच्या घराचा. त्या घरात आता एकट्या द्वारकाकाकू उरल्या होत्या. आणि नियम असा की जन्माआधी देवाचं मुख पाहायचं नाही; म्हणून डोळे मिटून बाळ उचलायचं, मिटल्या डोळ्यांनी पाळण्यात घालायचं, आणि पहिला झोका गेला की मगच डोळे उघडायचे. त्या मधल्या वेळात दुसऱ्या कोणी टेबलाला हात लावायचा नाही. काकूंनी हा नियम लग्न होऊन आल्यापासून पाळला होता. कुणी "काकू, थोडं डावीकडे" एवढं म्हटलं तरी त्यांना अपमान वाटे.

दुपार कलली तसं देऊळ फुलून गेलं. आप्पासाहेब प्रत्येकाला हाताला धरून माळांपाशी नेत होते. "हे सगळं कॉम्प्युटरवर चाललंय बरं का. बटण दाबायला माणूस नाही." एक माळ जुनी होती म्हणून आपोआप मिचकायची, तर म्हणाले, "बघा, विचार करतोय तो."

बुवा उभे राहिले. गळ्याला पंचा गुंडाळलेला, पण आवाज! देवाशपथ सांगतो, त्या दिवशी गळ्यातल्या गाठीनेसुद्धा वाट सोडली. निरूपण झालं, बुक्का लावला, हार घातले, आणि अनसूयेचं आख्यान सुरू झालं. तीन देव अतिथी बनून दारात आलेत, त्यांनी सतीला धर्मसंकटात टाकलंय, आणि ती हसून म्हणते, अतिथी माझी बाळं आहेत असं समजेन. "तीर्थ शिंपडलं मात्र!" बुवा म्हणाले, "आणि त्रैलोक्य चालवणारे तिघे दुडूदुडू रांगायला लागले. अहो, ज्यांनी जगाला दूध दिलं ते दूध मागायला लागले!" बायका हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी झांज वाजवत मनात म्हणत होतो, भर रे बाबा, सगळं भरून घे.

सूर्य मावळायला आला. बुवांनी हात वर केला. द्वारकाकाकू उठल्या. नऊवारी, खांद्यावर शेला, डोळे घट्ट मिटलेले. टेबलापाशी आल्या. त्यांचा हात ताम्हनाकडे निघाला, वाटेत माझ्या फुलांना लागला, थबकला, आणि पाटाकडे वळला.

मी झांज वाजवायचा थांबलो. तबलजीने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सुरू केली.

काकूंनी लुगड्याचं मऊ गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. आता, दोन-अडीच तास चाललेलं कार्ड, त्यात फडक्यात गुंडाळलेलं. ते गरम होणारच. काकूंचा चेहरा एकदम बदलला.

"अगं बाई!" मिटल्या डोळ्यांनीच त्या मोठ्याने म्हणाल्या. "ऊब आहे गं! बाळाच्या अंगाला ऊब आहे!"

सबंध देवळातून एक सुस्कारा निघाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. कोणीतरी रडायलाच लागलं. आणि काकूंनी ते कार्ड, मागे चपट्या केबलची शेपटी आणि माईकची वायर घेऊन, पाळण्यात घातलं. केबल ताणून सरळ झाली. पाळण्याची दोरी धरायला पाचसहाजणी पुढे सरसावल्या. आमच्या गावच्या बायका दोरी ओढतात ती विहिरीतून घागर ओढावी तशी.

ओरडलो तर बुवांना सगळं कळणार. काकूंना सांगावं की तुम्ही देव म्हणून छातीशी धरलंत ते कोल्हापूरहून आलेल्या केबलचं टोक आहे? ताईंकडे पाहिलं. त्यांची बोटं पेटीवर होती, पण चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी गाठोडं ओळखलं होतं.

मग बुवांनी पाळण्यात वाकून पाहिलं. गुलाल उधळायला मूठ उचललेलीच होती. फडक्याची घडी सुटून कार्डाचा हिरवा कोपरा दिसत होता. बुवांची नजर त्या कोपऱ्यावर गेली, तिथून केबलवरून चादरीपर्यंत उतरली, तिथून वर माझ्याकडे आली. मग त्यांनी द्वारकाकाकूंकडे पाहिलं. काकू मिटल्या डोळ्यांनी उभ्या होत्या. हात अजून तसेच छातीपाशी अर्धवट वळलेले.

बुवांनी मूठ खाली घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "थांबा गं बायांनो! दोरी हळू. अगदी एका बोटाने. बाळाची नाळ अजून कापलेली नाही!"

बायका चपापल्या. एकीने करंगळीने दोरीला स्पर्श केला. पाळणा इतका हलला की हलला म्हणायचं. काकूंनी डोळे उघडले.

"गुलाल पाळण्यावर नाही," बुवा पुढे म्हणाले, "एकमेकांच्या कपाळाला लावा. आणि तबलजी, लय उतरवा. बाळ आत्ताच डोळे मिटतंय."

त्या दिवशीइतका संथ पाळणा आमच्या गावाने कधी म्हटला नव्हता. एकेक ओळ दिव्याच्या ज्योतीसारखी, हलते न हलते अशी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं भक्तीचं किती आणि भीतीचं किती, देव जाणे.

इतक्यात आप्पासाहेब उठले. त्यांना ताम्हनात टोपडं घातलेला नारळ दिसला होता.

"अहो बुवा! हा नारळ इथेच राहिला! मग पाळण्यात काय..."

बुवांनी एका ढांगेत जाऊन तो नारळ उचलला आणि आप्पासाहेबांच्या हातात दिला. "आप्पासाहेब, देव तीन. एका पाळण्यात कशी मावायची तिघं? यंदा एक बाळ कमिटीच्या अध्यक्षांच्या मांडीवर. बसा खाली. आणि हलू नका, रडेल."

लोकांनी नामाचा गजर केला. आप्पासाहेब मांडी घालून बसले. मांडीवर नारळ, नारळाला टोपडं. एकदा डास चावला तर त्यांनी शेजाऱ्याला हळूच सांगितलं, "जरा माझ्या मानेवर मारा हो, मला हलता येत नाही."

आरती झाली. लोक प्रसादाला गेले. मी चादरीआड शिरलो, ‘थांबवा' म्हटलं, साठवलं, आणि पुन्हा तपासून पाहिलं. सगळं होतं. पहिल्या सुरापासून आरतीपर्यंत.

चादरीबाहेर पायांचे दोन जोड उभे होते.

"बाहेर ये, बाळंतीण," बुवा म्हणाले.

मी आलो. शेजारी ताई, मान खाली.

"झालं भरून?"

"हो बुवा."

"पुसून टाक."

"बुवा, तुम्ही तर वाचवलंत ना? दोरी हळू म्हणालात..."

"तुझ्या यंत्रासाठी म्हणालो होय? काकूंचे हात पाहिलेस का तू? त्या बाईच्या हातात आजवर ऊब असलेलं मूल राहिलं नाही रे. दोन झाली, दोन्ही गेली. आज देवाने एक दिलं. ते भर देवळात गावापुढे हिरवा पत्रा निघाला असता म्हणजे?" त्यांनी गळ्याचा पंचा सोडला. दमले होते. "काकूंचं राहिलं, बस झालं. माझं पुसून टाक."

तेव्हा ताई पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलल्या. "पुसा ना. पण तुमच्याबरोबर काकूंचंही जाईल. ‘ऊब आहे गं' म्हणाल्या, ते त्यातच आहे. तेवढं वेगळं कापून ठेवता येतं का रे, प्रल्हाद?"

येत होतं. सहज येत होतं. पण ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही येत," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं दुसरं खोटं.

बुवांनी पाळण्यातलं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "मग राहू दे. पण मला ऐकवायचं नाही."

एवढ्यात आप्पासाहेब नारळ काखेत धरून आले. "बुवा, एक शंका. अनसूयेची बाळं तर तीर्थ शिंपडून झाली. त्यांना नाळ कुठली?"

"आख्यानात नव्हती आप्पासाहेब," बुवा म्हणाले. "पाळण्यात होती."

आप्पासाहेबांनी मान डोलावली. पुढे कितीतरी दिवस ते हे वाक्य लोकांना अर्थासकट समजावून सांगत असत.

ऑपरेशन झालं. बुवा धडधाकट परत आले, पण आवाज मिरजेतच राहिला. बोलायचे ते सुकलेलं पान सरकावं तसं. कीर्तन संपलं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ताई दुपारी दार लावून ते रेकॉर्डिंग ऐकायच्या, आणि बुवा तेवढ्या वेळापुरते नदीवर जाऊन बसायचे.

नंतरच्या वर्षी द्वारकाकाकूंनी अंथरूण धरलं. डोळेही पूर्ण गेले. बुवांच्या आवाजाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला कशाला, म्हणून. दत्तजयंतीला त्यांनी निरोप पाठवला: मला आता देवळात येववत नाही, बुवांनी घरी येऊन जन्माचं तेवढं म्हणावं.

बुवांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "तुझा तो डबा घे."

आम्ही तिघं गेलो. मी काकूंच्या खाटेमागे डबा मांडला. ताईंनी पेटी उघडली, सूर धरला. आणि बुवा अंगरखा, पगडी, उपरणं घालून खाटेपुढे उभे राहिले. आंधळ्या बाईपुढे, पण पोशाखात तसूभर कमी नाही. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. बुवांनी स्वतःच्या आवाजावर चिपळ्या धरल्या. ओठ हलत होते. अनसूयेने तीर्थ शिंपडलं तिथे त्यांनी काकूंच्या कपाळावर खरंच दोन थेंब शिंपडले. जिथे काकूंची हाक आणि पुढचा नारळाचा घोळ होता तेवढी जागा मी गाळली होती. आवाज कापता येतो, हे तेव्हा बुवांना कळलं. त्यांनी चिपळ्या न थांबवता माझ्याकडे डोळे वटारले.

पाळणा संथ होत होत संपला. काकू उशीवर पडून हसत होत्या.

"बुवा," त्या म्हणाल्या, "आवाज जसाच्या तसा आहे हो तुमचा. दमलात. पाणी घ्या थोडं."

बुवांनी खाटेखालचा तांब्या उचलला आणि भांडंभर पाणी प्यायले. काकूंना घोट ऐकू जावेत म्हणून, सावकाश.

हे जाणणाऱ्यांत आता मीच उरलोय. म्हणून म्हटलं, तुमच्या कानावर घालावं. उठताना एवढंच मागतो: रात्री देवापुढे दिवा लावाल, घरच्यांची नावं घेऊन हात जोडाल, तेव्हा त्यात एक नाव द्वारकाकाकू नाडगौडांचंही घ्या. त्यांच्यामागे नाव घेणारं कोणी नाही.